उजव्या हाताची जागा

काल्हेरच्या नाक्यावर टमटममधून उतरलं की वैशाली आधी मेडिकलमध्ये जायची. डायपरचं पाकीट, कापूस, पाठीला लावायची पावडर, काही ना काही रोज लागायचंच. मग पिशवी सांभाळत कंटेनरच्या रांगेतून वाट काढत बिल्डिंगपाशी यायचं. लिफ्ट चालू असली तर बरं, नाहीतर जिना. खारबावहून निघण्याआधी तिनं घरचा स्वयंपाक उरकलेला असे. नवरा, हरेश, कापडाच्या लूमवरची रातपाळी करून त्याच सुमारास परते. त्याच्या हातात चहाचा कप देऊन ती बाहेर पडे. दोघांचं बोलणं व्हायचं ते उंबऱ्यावरच. पुरी झोप कशी असते ते ती विसरली होती, आणि विसरल्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

आजारी माणसाला सांभाळणं हे तिचं काम. नर्सिंग ब्युरो सांगेल त्या घरी जायचं, माणसाला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, निजवायचं. काल्हेरचं हे घर तिला पहिल्याच दिवशी बरं वाटलं, कारण तिथं कुणी आवाज चढवून बोलत नव्हतं.

म्हाताऱ्याचं नाव केसरीनाथ भोईर. मूळचा काल्हेरचाच, आगरी घरातला. लहानपणी मामाकडे मुंबईत शिकायला गेला, पाद्र्यांच्या शाळेत पियानोपाशी बसला आणि तिथून उठलाच नाही, असं गावात सांगत. तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर थेट हंगेरीला जाऊन आला. परत आल्यावर मात्र त्या शिक्षणाला इथं गिऱ्हाईक नव्हतं. हॉटेलांत वाजवलं, रेकॉर्डिंगमध्ये कुणाच्या तरी गाण्यामागं वाजवलं, पोरांना शिकवलं. बायको गेल्यावर तो गावी परतला. भातशेती होती तिथं आता गोदामं उभी होती, आणि एका कडेला ही बिल्डिंग. जमिनीच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता. क्रेननं पियानो गॅलरीतून आत घेतला तेव्हा निम्मं काल्हेर बघायला जमलं होतं. लोकांना केसरीनाथ आठवत नसे, तो लटकणारा पियानो आठवे.

मग पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं हळूहळू सुधारलं, उजवा हात आणि पाय मात्र गेले ते गेलेच. मुलगी रुचिका ठाण्याला एका कंपनीत होती. सकाळी वैशाली आली की ती निघायची आणि दिवेलागणीनंतर थकून परतायची. मधला सगळा दिवस त्या घरात दोघंच.

अंघोळ आणि पेज झाली की वैशाली त्याची व्हीलचेअर पियानोसमोर लावायची. उजवा हात उशीवर ठेवायची. तो हात तिथं परक्याचं गाठोडं सांभाळायला ठेवल्यासारखा पडून असे. डाव्या हातानं केसरीनाथ वाजवायचा. खालच्या पट्टीतलं, सावकाश काहीतरी. मध्येच थांबायचा. थांबणं इतकं लांबायचं, की वैशाली हातातलं काम सोडून वर बघायची. मग पुन्हा सुरू.

एकदा तिनं विचारलं, "बाबा, मधी मधी का थांबता? खांदा दुखतो काय?"

"न्हाय गं. ते लिहिलेलंच तसं हाय." त्यानं डावा हात पट्ट्यांवरून मांडीवर घेतला. "वार्शानीचं हाय हे. हंगेरीतला. तिकडंसुद्धा आता कुणी ऐकत न्हाय त्याला. मोठा वाजवणारा होता. पहिल्या महायुद्धात, बर्फात, उजवा हात कोपराखालून गेला. मग त्यानं नुसत्या डाव्या हातासाठी लिहिलं."

वैशालीला ते नाव 'वर्षानी' असं ऐकू आलं, एखाद्या बाईचं असावं तसं.

"एका हातासाठी बाकीच्यांनीबी लिहिलंय," केसरीनाथ म्हणाला. "पण ते त्या एका हातात दोघांचं काम भरतात. ह्यानं तसं केलं न्हाय. उजव्या हाताची जागा त्यानं मोकळीच ठेवली."

"मंग तिथं काय करायचं?"

"गप बसायचं. माझी तिकडची मास्तरीण वार्शानीकडंच शिकलेली. पार म्हातारी होती. ती सांगायची, तिथं थांब, पण ऐकू नको."

"ऐकू नको?"

"असंच म्हणाली. मला वाटलं, आपलंच हंगेरियन कच्चं हाय." तो ओठाच्या चालत्या कोपऱ्यानं हसला. "तेव्हा दोन्ही हात धड होते. हे शिकलो आणि सोडून दिलं. आता हेच एवढं उरलंय मला."

एप्रिलच्या शेवटी उकाड्यानं कहर केला. भर दुपारी वीज जायची. पंखा घरघरत थांबला की खालचे ट्रक, दूरवरचे लूम, सगळं एकदम जवळ यायचं, आणि मग तेही ओसरून एक पोकळ शांतता खोलीत भरायची. अशाच एका दुपारी वैशाली भिंतीला टेकून खाली बसली होती. केसरीनाथ वाजवत होता. तिचे डोळे मिटत होते. तो थांबला, नेहमीसारखाच. आणि त्या थांबण्यात, वरच्या पट्टीतला एक स्वर वाजला.

अगदी बारीक. ग्लासाच्या काठाला नख लागावं एवढाच.

तिनं डोळे उघडले. केसरीनाथचा डावा हात पट्ट्यांवरून उचललेला होता, उजवा उशीवर. तो मान किंचित कलती करून ऐकत होता.

"बाबा… तुम्ही वाजवलं?"

खोलीत एक वास आला होता. मासळीच्या बर्फाच्या पेटीचं झाकण काढल्यावर अंगावर येतो तसला गारवा, पण मासळी नाही, भिजलेली घोंगडी आणि गंजकं लोखंड. वैशालीनं गॅलरीचं दार पाहिलं. ते बंदच होतं, आणि बाहेर पत्र्यांवर ऊन पांढरं होऊन नाचत होतं.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी एकाऐवजी स्वरांची एक लहानशी ओळ वाजली. तेव्हा वैशाली जागी होती, आणि तिनं उशीवरच्या हाताची तर्जनी वर उचललेली पाहिली.

बोट हललं, हे तिनं रुचिकाला सांगितलं. ते सांगणं तिला भागच होतं, तिचं कामच होतं ते. रुचिकानं त्या आठवड्यात सुट्टी घेतली. फिजिओथेरपीवाली बाई म्हणाली, होतं असं कधीकधी, संगीतानं मेंदूतल्या वाटा मोकळ्या होतात. वैशालीनं हात उशीवरून उचलून पट्ट्यांवर ठेवला, आणि दोन्ही हात वाजवू लागले तशी रुचिका सोफ्यावर बसून ढसाढसा रडली. पेढे आणले. वैशालीच्या हातात अख्खा बॉक्स दिला.

"वैशालीताई, तुमच्यामुळे झालं हे. लहानपणी बाबा असे वाजवायचे."

वैशालीनं पेढे घरी नेले. हरेशला म्हणाली, "म्हाताऱ्याचा हात चालाया लागला." तो म्हणाला, "चांगलं झालं की." तीही म्हणाली, "हा, चांगलं झालं." पण स्वतःचा पेढा तिनं बॉक्समध्ये परत ठेवला.

कारण तो हात ती रोज धुवायची. कोमट पाण्यात ओला केलेला पंचा मनगटापासून बोटांपर्यंत फिरवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं काढायची. रुचिकानं तो हात वाजवताना पाहिला होता. वैशालीला तो वाजवत नसतानाही माहीत होता. मे महिन्यातल्या घामाघूम दुपारी तो गार असायचा. गरम पाण्यात धरला तरी पाणीच निवायचं. फिजिओवाली सुई टोचून बघायची, केसरीनाथला काही लागत नसे. तो हात चमचा धरत नव्हता. बटण लावत नव्हता. रुचिकानं "बाबा, माझा हात धरा" म्हणून बोटं पुढं केली, तर तिच्या बोटांवर तो मेल्यासारखा पडून राहिला. त्याला येत होतं ते एकच.

आणि केसरीनाथ खंगत चालला होता. पेज तशीच राहायची. डोळे खोल गेले. दुपारी त्याला पलंगावर निजवलं, की बाकीचं अंग निपचित पडायचं आणि उजवा हात चादरीवर चालू व्हायचा. टप, टप टप. थांबा. टप. वैशाली शेजारच्या खुर्चीत बसून बघायची. एकदा तिनं त्यावर स्वतःचा तळहात ठेवला. खाली बोटं तशीच हलत राहिली, गोणपाटाखाली उंदीर हलावेत तशी. तिनं हात काढून घेतला आणि पदराला कितीतरी वेळ पुसला.

"झोपलेला न्हाय मी," केसरीनाथ डोळे मिटूनच म्हणाला. "झोपू देत न्हाय तो."

"कोण बाबा?"

"हात माझा न्हाय हा, वैशाली."

खाली एक ट्रक मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली. ती थांबल्यावर केसरीनाथच पुढं बोलला.

"वजन लागतं मला त्याचं. पण बोटं माझी न्हाईत… हा भाग मी कधी शिकलेलो न्हाय. कुणी लिहिलाच न्हाय तो, तर शिकणार कुठून…"

"रुचिकाताईंना सांगू?"

"काय सांगशील? खूश हाय ती." त्यानं डोळे उघडले. त्यात भीती होती, आणि भीतीच्या मागं आणखी काहीतरी होतं, ते तिला तेव्हा ओळखता आलं नाही. "रोज थोडं थोडं पुढं जातो. शेवटाला आला की… उद्या बांधून ठेव त्याला. घट्ट बांध."

तिनं बांधला. कपाटातलं क्रेप बँडेज काढलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात व्हीलचेअरच्या दांड्याला आवळला. कसला प्रश्न विचारायचा आणि कुणाला, हे कळण्याइतकं तिच्यात त्राण नव्हतं. पेशंटनं सांगितलं, तिनं केलं.

"मला पियानोपाशी नेऊ नको आज," केसरीनाथ म्हणाला. तिनं त्याला गॅलरीच्या दारापाशी, उजेडात बसवलं. दुपारी वीज गेली. पंखा थांबला. तो वास आला.

आधी नुसता दांडा करकरला. मग व्हीलचेअरचं उजवं चाक जागच्या जागी किंचित पुढं-मागं होऊ लागलं. बँडेजच्या कडा बोटांच्या मुळाशी रुतत होत्या, तिथली कातडी निळी पडत होती, तरी बोटं थांबत नव्हती. केसरीनाथच्या कपाळावर घाम डवरला. श्वास लहान झाला, ओठ काळसर दिसू लागले.

वैशालीनं रुचिकाला फोन लावला. "ताई, बाबांना बरं न्हाय. लवकर या." रुचिका म्हणाली, निघते, लगेच निघते, डॉक्टरांनाही सांगते. मागं हॉर्न ऐकू येत होते. ठाण्याहून येताना कशेळीच्या पुलावर त्या वेळी गाड्यांची काय कोंडी असते ते दोघींनाही माहीत होतं.

बँडेजची क्लिप तटकन तुटून फरशीवर पडली.

तेव्हा वैशालीनं गुडघे टेकले आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पोटाशी घट्ट धरला, फीट आलेल्या माणसाला धरतात तसा. जोर होता त्यात. तिचं मनगट पिरगाळलं गेलं, बांगडी फुटून काच रुतली, तिनं सोडलं नाही. गारवा कोपरापर्यंत चढला. ती पुटपुटत राहिली, काय ते तिलाही कळत नव्हतं. गावदेवीचं नाव असेल, नाहीतर नुसतंच 'बस, बस, बस'.

हळूहळू तो जोर ओसरला.

हात तिच्या ओंजळीत पडून राहिला. थरथरत होता. दिवसभर काम करून आलेल्या माणसाचे हात घास उचलताना थरथरतात, तसा. हरेशचे थरथरायचे. तिचे स्वतःचेही. तिला वाटलं, ह्याला कुणाचं वाईट करायचं नाही. ह्याला एवढं एक उरकून टाकायचंय आणि निजायचंय. किती वर्षं हा असा ताटकळत असेल, कुठल्या बर्फात, कोण जाणे. भीती होती तिथंच होती. पण त्या भीतीशेजारी दया येऊन बसली, आणि ही दया आपली आपणच आणली, की ह्या हातानं आपल्यात घातली, हे तिला आजवर उमगलेलं नाही.

"वैशाली," केसरीनाथ म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "ने मला तिकडं."

"बाबा, मग तुम्ही…"

"ठाऊक हाय." तो दम घेत होता. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यामागं वाजवलं मी. हे कुणीच ऐकलेलं न्हाय… ज्यानं केलं त्यानंबी न्हाय. ने."

आदल्या दिवशी त्याच्या डोळ्यांत भीतीमागं काय होतं, ते आता तिला कळलं. ओढ होती ती.

ती उठली नाही. रुचिका येईपर्यंत धरून ठेवावा, हे बरोबर. उद्या पुन्हा बांधावा, परवा पुन्हा. आणि रोज त्याचे ओठ असे काळे होताना बघावेत. ओंजळीतली थरथर थांबत नव्हती. शेवटी वैशालीनं बँडेज सोडवलं, रुतलेले वळ अंगठ्यानं चोळले, आणि व्हीलचेअर ढकलत पियानोसमोर नेली.

त्या दुपारी काय वाजलं ते तिला सांगता येत नाही. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं. ती एवढंच सांगते, की आधीचं सगळं वाजवणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या एकाच माणसाचं बोलणं ऐकल्यासारखं होतं, आणि त्या दिवशी पलीकडचा माणूस खोलीत आला. डावा हात विचारी, उजवा सांगे. कुठंही थांबा उरला नाही. खाली गोदामात हमालांची हाक नव्हती, ट्रक नव्हते; खोली गार पडत गेली, गॅलरीच्या काचेवर बाहेरून दव धरलं. केसरीनाथच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा पोरासारखा दिसत होता.

मग डावा हात थांबला. पट्ट्यांवरून घसरून मांडीवर पडला. मान पुढं झुकली, हनुवटी छातीला टेकली.

उजवा हात वाजवत होता.

वैशालीनं हाक मारली नाही. अशी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती, श्वास गेलेला तिला पाठीमागूनही कळायचा. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मेलेल्या माणसाच्या खांद्याला जोडलेला तो हात सावकाश वरच्या पट्टीकडे जात होता, एकटाच, आता त्याला कुणाचं उत्तर नको होतं. शेवटचा स्वर त्यानं दाबला आणि बोट तसंच धरून ठेवलं, आवाज पूर्ण विरेपर्यंत. त्यानंतर बोटं एकेक करून मिटली.

पंखा सुरू झाला. खालून ट्रकचा आवाज आला.

रुचिका पोहोचली तेव्हा वैशालीनं त्याला पलंगावर निजवून अंग पुसलं होतं. दोन्ही हात धुतले, बोटांच्या बेचक्याही नेहमीसारख्या कोरड्या केल्या आणि छातीवर ठेवले. उजवा हात आता डाव्याइतकाच कोमट होता. रुचिकानं विचारलं, "त्रास झाला का खूप?" वैशाली म्हणाली, "न्हाय. वाजवत होते." एवढंच. बाकीचं सांगायला तिच्या अंगात बळ नव्हतं, आणि ऐकायला त्या मुलीच्या.

संध्याकाळी खाडीकाठच्या स्मशानात अग्नी दिला. रुचिकाला ना भाऊ ना कोणी, चुलत्यांशी बोलणं तुटलेलं. अस्थींच्या दिवशी ती म्हणाली, "वैशालीताई, तुम्ही याल का सोबत?" वैशाली गेली. सकाळची वेळ होती, खाडीला ओहोटी होती, चिखलावर बगळे उतरले होते.

स्मशानातल्या रघूनं राख आधीच पाणी शिंपडून निववली होती. तो मडकं घेऊन उकिडवा बसला होता, पण हातानं काही करत नव्हता. दोघी जवळ आल्यावर त्यानं वर बघितलं.

"ताई, यांचा उजवा हात लूममधी गेला होता काय?"

"नाही," रुचिका म्हणाली. "का?"

त्यानं काठीनं दाखवलं. डाव्या बाजूला हाताची हाडं होती, बोटांचे बारीक पेरेसुद्धा राखेत ओळखू येत होते. उजव्या बाजूला खांदा होता, दंड होता, कोपर होतं. कोपराखाली वीतभर हाड. तिथून पुढं काही नव्हतं.

"जळून गेलं असेल," रुचिका हळू आवाजात म्हणाली.

"जळालेलं हाड भुरभुरतं, ताई." रघूनं ते हाड उचलून फडक्यावर ठेवलं आणि तिच्यापुढं धरलं. "इथं लूमवाल्यांना आणतात, हात गेलेल्यांना, म्हणून म्हटलं. हात तुटून वर्षं झाली, की हाडाचं टोक असं भरून येतं. गोल होतं." त्यानं टोकावरून अंगठा फिरवला. "ही जखम लय जुनी हाय."

रुचिका वैशालीकडे बघत होती. वैशाली त्या हाडाकडे. गुळगुळीत, गोल, नदीतल्या गोट्यासारखं ते टोक. राखेतून अजून वाफ निघत होती, आणि रघूनं हाड फडक्यासकट पटकन खाली ठेवलं, हात झटकले, आणि गारठलेली बोटं तोंडापाशी नेऊन त्यांच्यावर गरम श्वास फुंकू लागला.